उशीवरून दिसणारी भिंत

पुण्यातल्या बाणेर-वाकडपासून ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यापर्यंत कुठल्याही नव्या प्रकल्पाचा सॅम्पल फ्लॅट पाहायला गेलं, की ‘मास्टर बेडरूम’च्या दारात विक्रीची माणसं बाजूला होतात आणि गिऱ्हाइकाला पुढे जाऊ देतात. दारातून पहिली नजर जाते ती पलंगामागच्या भिंतीवर. खोलीचा सगळा थाट तिथंच मांडलेला असतो. जमिनीपासून छतापर्यंत लाकडासारख्या दिसणाऱ्या उभ्या पट्ट्या, मधोमध फोम भरलेलं कापडी पॅनेल, दोन्ही अंगांना छतातून सोडलेले पिवळे दिवे, आणि वर तीन चौकटींत वाटून लावलेलं एकच सोनेरी-करडं चित्र. ते कशाचं आहे असं कुणी विचारत नाही. उरलेल्या तिन्ही भिंती बिस्किटी रंगाच्या. लोक फोटो काढतात, कपाट किती खोल आहे ते बघतात, बाथरूममध्ये डोकावतात. गादीवर आडवं होऊन मात्र कुणी पाहत नाही. पाहिलं तर लक्षात येईल, की जिच्यावर सर्वांत जास्त पैसा ओतला ती भिंत झोपणाऱ्याच्या डोक्यामागे आहे. त्याला समोर दिसतो तो टीव्हीचा काळा चौकोन.

‘भिंत’ म्हटलं की डोळ्यांसमोर बहुधा मोठ्या भिंती येतात: गडांच्या, सीमेवरच्या, माणसामाणसांतल्या. हा लेख दहा बाय अकराच्या खोलीतल्या भिंतीविषयी आहे. बेडरूमला ‘तुमचं व्यक्तिमत्त्व’ द्या असं सांगणारे सल्ले आणि ते देण्यासाठी लागणारं सामान, दोन्हींना आज तोटा नाही. पण त्या सगळ्यात दोन गोष्टी न बोलता धरून चाललेल्या असतात. एक, भिंत दारात उभं राहून पाहायची आहे. दुसरी, ती एकदाच काय ती सजवायची आहे. माझं म्हणणं दोन्ही बाबतींत उलटं आहे. झोपायच्या खोलीची भिंत उशीवरून पाहायची असते, आणि राहणाऱ्याबरोबर ती बदलत राहिली तरच तिच्यात कुणाचा तरी स्वभाव उतरतो. यात नवं काही नाही. आपल्याकडच्या कितीतरी भिंती बराच काळ अशाच होत्या. आपण त्या अलीकडे पक्क्या करून टाकल्या.

पॉइंट आधी, माणूस नंतर

बेडरूमची कुठली भिंत कशासाठी हे राहणारा ठरवतो, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात ते प्लास्टर होण्याआधीच, वायरिंगच्या नकाशावर ठरून जातं. पलंगाच्या दोन्ही बाजूंना दिव्याची बटणं आणि मोबाइलचं सॉकेट, त्याच्या बरोबर समोर टीव्हीचा पॉइंट, खिडकीच्या डोक्यावर किंवा शेजारी एसीचा. चावी हातात येते तोवर पलंगाची जागा ठरलेली असते, आणि पलंगाची जागा ठरली की बाकी सगळं ठरतं. त्यात वास्तुशास्त्र भर घालतं. उत्तरेला डोकं करून झोपायचं नाही, दक्षिणेला किंवा पूर्वेला करायचं, हा दंडक न मानणारी घरंही घरातल्या ज्येष्ठांच्या शब्दाखातर तो पाळतात. मग एका भिंतीत खिडकी, एका भिंतीला दोन फूट खोल कपाट, एका भिंतीशी पलंगाचं डोकं, आणि उरलेली टीव्हीकडे. चार भिंतींच्या खोलीत चित्र लावायला जागा कुठली, असा प्रश्न पडला की उत्तर ठरलेलं असतं: पलंगाच्या वर.

म्हणून तर मराठी मध्यमवर्गीय घरात लग्नाचा मोठा फोटो पलंगाच्या डोक्यावर असतो. स्टुडिओने कॅनव्हासवर छापून दिलेला, शालू नि फेटा नीट दिसेल असा. नवरा-बायकोला तो उशीवरून दिसत नाही. दिसतो तो कामवाल्या मावशींना, मुलांना, आणि ‘घर बघू या’ म्हणत आतपर्यंत आलेल्या पाहुण्यांना. त्या फोटोवर माझा राग नाही. पण बेडरूमच्या भिंतीचा प्रेक्षक कोण आहे ते यातून स्पष्ट होतं. इंटिरिअरवाल्यांनी हाच प्रेक्षक धरून ‘हायलाइट’ भिंतीचा धंदा उभा केला. चार भिंतींपैकी एक गडद रंगाची किंवा टेक्स्चरची करायची, आणि ती म्हणजे जवळजवळ नेहमीच पलंगामागची. दारातून, किंवा टीव्हीच्या बाजूला उभं राहून, मोबाइलमध्ये खोलीचा फोटो घ्यायचा तर तीच भिंत चौकटीत येते.

यावर एक सरळ आक्षेप आहे. माणूस बेडरूममध्ये डोळे मिटून असतो. समोर काय आहे याने काय फरक पडतो? धडधाकट, आठला बाहेर पडून रात्री दहाला परतणाऱ्या माणसाला खरंच फारसा पडत नाही. पण घरात एवढीच माणसं नसतात. बाळंतीण असते, गुडघ्याचं ऑपरेशन झालेली आई असते, डेंग्यूने पडलेला मुलगा असतो, आणि ज्यांचा दिवसच त्या खोलीत जातो ते आजी-आजोबा असतात. रॉजर उलरिक या अमेरिकन संशोधकाचा १९८४ साली ‘सायन्स’ नियतकालिकात आलेला अभ्यास इथं आठवावा असा आहे. पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या नोंदी त्याने तपासल्या. काहींच्या खिडकीतून झाडं दिसत होती, काहींच्या खिडकीतून समोरची विटांची भिंत. झाडं दिसणारे थोडे लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकं कमी लागली. रुग्ण मोजून ४६ होते आणि प्रश्न खिडकीचा होता, चित्राचा नव्हता, त्यामुळे यावरून भिंतीला औषधी गुण चिकटवणं चूक ठरेल. पण अंथरुणावरून काय दिसतं याचा शरीराशी संबंध असू शकतो, एवढं म्हणायला तो पुरेसा आहे.

बेडरूम नावाची नवी खोली

झोपण्यासाठी वेगळी खोली ही आपल्या बहुतेक घरांत दोन-तीन पिढ्यांपलीकडे जात नाही. वाड्यात ओसरी होती, माजघर होतं, स्वयंपाकघर, देवघर, कोठीची खोली, बाळंतिणीची खोली होती. झोपायचं ते जिथं जागा असेल तिथं; सकाळी वळकटी केली की खोली पुन्हा दिवसाच्या कामाला मोकळी. सजलेली भिंत असायची ती पुढच्या बाजूला, माणसं येऊन बसतात तिथं. पुण्यात १८७८ साली चित्रशाळा प्रेस निघाली, १८९४ मध्ये राजा रविवर्म्याचा छापखाना मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. या छापखान्यांतून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वती आणि दमयंती-शकुंतला दिवाणखान्यात चढल्या. हौशी घरांत लक्ष्मीच्या लुगड्यावर खरी जर आणि टिकल्या चिकटवल्या गेल्या. छापील चित्र सगळीकडे सारखंच. ते ‘आपलं’ झालं ते या चिकटवण्याने.

या जुन्या चित्रांच्या लावण्याची एक रीत आज गबाळी वाटते. चौकट भिंतीवर फार वर, जवळजवळ आढ्यापाशी, आणि पुढे झुकलेली. खालच्या कडेला दोन खिळ्यांचा आधार, वरून दोरीने ताणलेली. आज कलादालनात चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण पावणेपाच फुटांवर धरतात, कारण तिथं पाहणारा उभा असतो. आपल्या घरात पाहणारा जमिनीवर बसलेला किंवा लवंडलेला असायचा. त्याच्या डोळ्यांशी चित्राचा कोन जुळावा, काचेवर खिडकीचा उजेड चमकू नये, म्हणून चौकट खाली वाकायची. बेडरूममध्ये गादीवर टेकलेल्या डोक्याची उंची दोन फुटांच्या आसपास असते. तिथून समोर पाहिलं तर नजर भिंतीच्या वरच्या अर्ध्यात आणि छताच्या कडेला जाते. म्हणजे कलादालनाचा पावणेपाच फुटांचा नियम या खोलीत लागू पडत नाही, आणि आजोबांच्या काळचा तो वाकलेला फोटो अगदी बरोबर बसतो. मुलांना हे न शिकवता कळतं. अंधारात चमकणारे ‘रेडियमचे’ तारे ती भिंतीवर नाही, छताला लावतात.

चाळीत पुढची-मागची असा भेदच नव्हता. मुंबईच्या बीडीडी चाळींतली खोली १६० चौरस फुटांची. तिच्या चार भिंतींनी देव्हारा, भांड्यांची मांडणी, आरसा, कपड्यांची खुंटी आणि फोटो सगळं सांभाळलं. १९७३ पासून त्यात ‘कालनिर्णय’ आलं, आणि त्याच्या चौकोनांत दुधाचा हिशेब, गॅस लावल्याची तारीख, गावाला जायचा दिवस यांची नोंद होऊ लागली. बौद्ध घरांत १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर देवांच्या तसबिरी उतरल्या आणि बुद्ध व बाबासाहेब आले. घराने आपण कोण आहोत हे भिंतीवर सांगण्याचं याहून ठसठशीत उदाहरण महाराष्ट्रात नाही, आणि ते कुठल्याही सजावटकाराने सुचवलेलं नव्हतं. आता त्याच चाळींच्या पुनर्विकासात कुटुंबांना ५०० चौरस फुटांची दोन बेडरूमची घरं मिळत आहेत. ज्यांच्या तीन पिढ्यांनी एकाच खोलीत दिवस आणि रात्र काढली, त्यांच्यापुढे पहिल्यांदाच प्रश्न आहे की दार लावून घेता येणाऱ्या खोलीच्या भिंतीवर काय लावायचं. तिथं त्यांना भेटतो तो सॅम्पल फ्लॅटचा नमुना.

पुसलं जाणार म्हणून काढलेलं

डहाणू-तलासरी-जव्हारकडच्या वारली घरात लग्न ठरलं की आतली एक भिंत शेणामातीने सारवतात, वर गेरूचा हात देतात आणि सवाशिणी तिच्यावर लग्नचौक लिहितात. तांदळाचं पीठ पाण्यात कालवून केलेला पांढरा रंग, टोक चावून कुंचल्यासारखी केलेली बांबूची काडी. चौकात पालघट देवी, बाजूच्या लहान चौकात घोड्यावरचा पंचशिऱ्या देव, भोवती झाडं, माणसं, जनावरं. लग्न लावणारी धवलेरी गाणी म्हणते. चौकाशिवाय लग्न लागत नाही. यातला चौक ठरलेला असतो, त्यात काय असावं तेही ठरलेलं असतं. पण चौकाबाहेरची झाडं आणि माणसं प्रत्येक हात आपल्या परीने भरतो. लग्न उरकलं की हे चित्र जपून ठेवायचं म्हणून कुणी जपत नाही. धुराने, हाताने ते पुसट होतं आणि पुढच्या सारवणात जातं. ज्या एकखणी झोपडीत ही भिंत असते, तिथंच घरातली माणसं झोपतात. म्हणजे एका अर्थाने ती झोपायच्या खोलीचीच भिंत, आणि ती बायकांच्या हातातली.

१९७० च्या दशकात हीच चित्रं कागदावर आणि कापडावर आली. वारली चित्रकार जिव्या सोमा म्हशे यांनी लग्नचौकाच्या चौकटीबाहेरचं जग, म्हणजे मासेमारी, तारपा नाच, मुंग्यांचं वारूळ, मोठ्या ताकदीने रंगवलं. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. त्यांच्या थोरवीबद्दल वाद नाही. पण भिंतीच्या गोष्टीत पुढचं वळण थोडं विचित्र आहे. आज शहरातल्या फ्लॅटमध्ये तारपा नाचाचं तयार स्टेन्सिल लावून पलंगामागच्या भिंतीवर पक्क्या ऑइलपेंटने वारली चित्र काढून मिळतं. फेर धरलेली तीच ती माणसं, दर घरात त्याच संख्येने. ज्या कलेत चौक ठरलेला आणि भोवताल मोकळा होता, तिच्यातला भोवताल आपण ठरवून टाकला. आणि जी पुसली जाण्यासाठी होती ती दहा वर्षं टिकेल अशी केली.

वारली हे एकमेव उदाहरण नाही. श्रावणात जिवतीचा कागद भिंतीवर लागतो. त्यावर नरसिंह, कालियामर्दन करणारा कृष्ण, लेकरांसह जरा-जिवंतिका, हत्तीवरचा बुध आणि वाघावरचा बृहस्पती. चार शुक्रवार त्याला आघाडा-दुर्वांची माळ, मग कागद उतरतो. नागपंचमीला भिंतीवर नाग काढतात. हादग्यात हत्तीचं चित्र लावून त्याला फळाफुलांच्या माळा घालतात. सगळ्यांत एक समान धागा आहे: भिंतीवर काहीतरी येतं, काही दिवस घर त्याच्या सहवासात राहतं, आणि ते जातं. हे धार्मिक आहे, बेडरूमच्या सजावटीशी याचा काय संबंध, असं कुणी म्हणेल. मला त्यातला धर्म इथं नकोच आहे, सवय हवी आहे. भिंत हा बदलत राहणारा पृष्ठभाग आहे हे या घरांना ठाऊक होतं. नव्वदच्या दशकात ‘स्पोर्ट्सस्टार’च्या मधल्या पानावरचा सचिन काढून कपाटाच्या दारावर चिकटवणाऱ्या आणि पुढच्या वर्षी त्यावर दुसराच कुणी डकवणाऱ्या मुलांनाही ते ठाऊक होतं.

चुना, लांबी आणि हमी

दिवाळीआधी घराला रंग देण्याचं कारण मुळात हौस नव्हतं. पावसाळ्यात भिंती ओल धरतात, बुरशी येते. पाऊस सरला, ऊन पडलं की चुना द्यायचा. आदल्या रात्री पिंपात चुना विरवायचा, तो फसफसून शांत झाला की गाळायचा, पिवळटपणा जावा म्हणून नीळ टाकायची, अंगाला लागू नये म्हणून डिंक किंवा मीठ. तरी टेकणाऱ्याच्या पाठीवर पांढरा शिक्का उठायचाच. रंग हवा तर पिवडी किंवा गेरू. चुना अल्कधर्मी असल्याने बुरशीला मारक, आणि तो भिंतीची ओल कोंडत नाही, बाहेर जाऊ देतो. दरवर्षी द्यावा लागतो ही त्याची उणीव मानली गेली. पण या उणिवेमुळेच दरवर्षी एकदा फोटो उतरत, खिळे निघत, आणि परत काय लावायचं हे घराला नव्याने ठरवावं लागे.

मग डिस्टेंपर आला, त्यामागून ऑइल बाउंड, त्यामागून धुता येणारा प्लॅस्टिक इमल्शन. १९४२ मध्ये गिरगावातल्या गायवाडीत सुरू झालेल्या एशियन पेंट्ससाठी आर. के. लक्ष्मण यांनी १९५४ मध्ये ‘गट्टू’ काढला. कपाळावर केस आलेला, हातात ब्रश घेतलेला खट्याळ पोरगा. भिंत रंगवणं कुणालाही जमण्यासारखं, जरा खोडकर काम आहे, असंच त्या चित्रावरून वाटे. पुढे गट्टू जाहिरातींतून गेला. आता रंग विकला जातो तो किती वर्षं टिकेल यावर. बाहेरच्या रंगांना तर दहा-दहा वर्षांची हमी मिळते. भिंत घासून लांबी भरायची, पॉलिश पेपर मारायचा, प्रायमर, त्यावर रंगाचे दोन हात, हे काम आठ-दहा दिवस घर उलथंपालथं करतं. एवढं केल्यावर त्या गुळगुळीत भिंतीत खिळा मारायची कुणाची छाती होत नाही, आणि दहा वर्षं ती तशीच राहते.

टिकाऊपणा वाईट, असं मी म्हणत नाही. मुंबई-कोकणात पश्चिमेकडच्या बाहेरच्या भिंतीला सप्टेंबरपर्यंत पोपडे सुटतात, लोणा फुटतो. तिथं चांगला रंग ही गरज आहे. पण त्याच भिंतीवर आतून व्हिनाइलचा वॉलपेपर चिकटवणं म्हणजे ओल आत कोंडणं. दोन पावसाळ्यांत सांधे उचलतात आणि मागे काळी बुरशी निघते. लाकडी पॅनेलमागेही तेच होतं, फक्त ते उघडेपर्यंत दिसत नाही. ओल असेल तर आधी ती बाहेरून थांबवायची, आणि चौकट लावायचीच तर खालच्या कोपऱ्यांना बुचाचे वा रबराचे तुकडे लावून मागे वारा खेळेल एवढी फट ठेवायची.

रंग निवडताना होणारी एक फसगत इथंच सांगून टाकतो. दुकानातलं शेडकार्ड पांढऱ्या झगझगीत दिव्याखाली पाहिलेलं असतं, आणि बेडरूममध्ये रात्री पिवळा दिवा असतो. शिवाय तळहाताएवढा रंग चारी भिंतींवर गेला की एकीचा उजेड दुसरीवर पडून तो जास्त गडद दिसतो. दोन फूट बाय दोन फूटचा नमुना भिंतीवर लावून तो एकदा सकाळी आणि एकदा रात्री, गादीवरूनच, पाहणं हा यावरचा साधा उपाय आहे.

खिळा

भिंत बदलती ठेवायची तर सगळा मामला शेवटी खिळ्यावर येतो, आणि घराच्या भिंती कशाच्या आहेत यावर खिळ्याचं नशीब अवलंबून असतं. जुन्या मातीच्या भिंतीत लाकडी खुंटी बांधतानाच बसवलेली असे. नवा खिळा सहसा लागायचाच नाही. विटांच्या भिंतीत खिळा विटेपेक्षा सांध्यात बरा जातो, पण हॉल आणि बेडरूममधली चार इंची भिंत जोरात ठोकलं तर पलीकडून प्लास्टर सोडते. गेल्या काही वर्षांतल्या उंच इमारतींत मिव्हान पद्धतीने, ॲल्युमिनियमच्या साच्यात, भिंतीसकट सगळं काँक्रीट एकदम ओततात. अशा भिंतीत हातोडीने खिळा वाकतो आणि रंगाचा टवका उडतो. तिथं हॅमर ड्रिल आणि प्लॅस्टिकची गिट्टीच हवी. उलट हलक्या राखाडी सिपोरेक्स ब्लॉकमध्ये खिळा सहज जातो आणि तितक्याच सहज ढिला होतो. जड आरशाला लांब अँकर लागतो. स्विचबोर्डाच्या बरोबर वर किंवा खाली उभ्या रेषेत कुठंच भोक पाडायचं नाही, कारण वायर बहुधा त्याच रेषेने उतरलेली असते.

एवढी कटकट पाहून लोक चिकटपट्टीकडे वळतात. गुळगुळीत इमल्शनवर ती कोरड्या हवेत टिकते, डिस्टेंपरवरून रंगाचा पापुद्रा घेऊन सुटते आणि जुलैत मुंबईत रात्री दोन वाजता चौकटीसकट खाली येते. यापेक्षा शहाणपणाचं म्हणजे एकदाच, नीट, ड्रिलने तीन-चार भोकं पाडून समोरच्या भिंतीवर वरच्या बाजूला एक लाकडी किंवा ॲल्युमिनियमची आडवी पट्टी बसवणं. जुन्या मुंबईच्या उंच खोल्यांत चित्रांसाठी अशी पट्टी असेच. तिला आकडे आणि तारा अडकवून काय हवं ते सोडता येतं: नातवाने काढलेलं चित्र, गावच्या घराचा फोटो, खणाचा तुकडा, आईची जुनी गोधडी, जेजे किंवा अभिनव कला महाविद्यालयातल्या विद्यार्थ्याकडून प्रदर्शनात घेतलेलं एखादं छापचित्र. कंटाळा आला की काढा, दुसरं लावा. भोक नवं पडत नाही. पट्टी नको असेल तर चार इंच रुंदीची एक फळी, तिच्यावर चौकटी नुसत्या टेकवलेल्या. अकरा महिन्यांच्या करारावर राहणाऱ्या आणि मालकाने ‘खिळा मारायचा नाही’ म्हणून बजावलेल्या भाडेकरूला हेही शक्य नसतं. त्याने पडद्याच्या रॉडचा एक कोपरा वापरावा, टेबलावर चौकट उभी करावी, आधीच असलेल्या एखाद्या जुन्या खिळ्याला दोरी आणि कपड्यांचे चिमटे लावावेत. परवानगी नसलेल्या या खोल्यांतच खरं तर आज जास्त स्वभाव दिसतो. हॉस्टेलची भिंत पाहा आणि त्याच मुलीच्या आईवडिलांच्या घरातली सजवून घेतलेली खोली पाहा.

पण पसारा होईल त्याचं काय?

हा सर्वांत वजनदार आक्षेप. बदलू द्या म्हटलं की भिंतीवर औषध दुकानाचं कॅलेंडर, प्लॅस्टिकचे हुक, त्यावर पिशव्या, लग्नातल्या मुंडावळ्या, मुलाची पदकं आणि बंद पडलेलं घड्याळ असं सगळं जमा होतं. चांगला सजावटकार निदान एकसंधपणा देतो, आणि ज्यांना दिवसभर गर्दीतून यावं लागतं त्यांना रात्री मोकळी भिंत हवी असते. यातलं पुष्कळ खरं आहे. पसारा हा स्वभावाचा पुरावा नव्हे. बहुतेकदा तो निर्णय न घेतल्याचा पुरावा असतो. म्हणूनच पट्टी किंवा फळी ही हद्द आखून घ्यायची. बदल तिथंच; बाकी भिंती रिकाम्या. लग्नचौकाची रीत हीच होती: संपूर्ण घर नाही, एक भिंत. आणि कुणाला समोरची भिंत पूर्ण मोकळी, फक्त चुन्याची हवी असेल तर तोही स्वभावच आहे, फक्त तो ठरवून घेतलेला असावा.

खर्चाचा आक्षेप मला पटत नाही. दरवर्षी बदल परवडत नाही म्हणून एकदाच काय ते करून घेतो, असं म्हणणारे पॅनेल, फॉल्स सीलिंग आणि लपवलेले दिवे यांवर जो पैसा घालतात, त्याच्या लहानशा भागात पट्टी आणि चौकटी होतात. फरक इतकाच की पॅनेलचा खर्च गृहकर्जाच्या हप्त्यात मिसळून जातो आणि चौकटीचा खिशातून जातो, म्हणून तो टोचतो.

अवघड प्रश्न वेगळाच आहे. बेडरूम एकट्याची क्वचितच असते. ‘तुमचं व्यक्तिमत्त्व’ म्हणताना कुणाचं? नवऱ्याला गडद निळी भिंत हवी, बायकोला समोर आरसा, सासूबाईंना दारासमोर आरसा नको. मुलांच्या खोलीत मोठी ताई दहावीची वेळापत्रकं लावते, धाकट्याला डायनासोर हवा. अशा वेळी इंटिरिअरवाल्याची बिस्किटी भिंत हा तह म्हणून पुढे येतो. कुणालाच नको ते चालतं, कारण कुणाचाच विजय होत नाही. मला वाटतं, बदलत्या भिंतीचा खरा फायदा इथं आहे. कायमचा निर्णय असला की एकाचं चालतं आणि बहुतेक घरांत ते कुणाचं चालतं हे सांगायला नको. चार महिन्यांचा निर्णय असला की पाळी लागते. भांडण मिटत नाही, पण ते दहा वर्षांसाठी हरावं लागत नाही.

नवं घर अजून बांधून होत असेल तर प्लास्टर होण्याआधीच वायरमनशी एकदा बोला: टीव्हीचा पॉइंट पलंगाच्या बरोबर समोर नको, कोपऱ्याकडे सरकवा, आणि भिंतीच्या मधल्या भागात वायर टाकू नका. जुन्या घरात दिवाळीचा रंग काढायचा असेल तर रंगारी येण्याच्या आदल्या दिवशी घरातल्या प्रत्येकाने आपापल्या उशीवर डोकं टेकून पाच मिनिटं समोर पाहावं, आणि पट्टी कुठं हवी तिथं पेन्सिलीने खूण करावी. लांबी भरण्याआधी भोकं पाडून घेतली, तर पेंटर सहसा त्याचे वेगळे पैसे घेत नाही.